ओपनऑफिस ते लिब्रेऑफिस : स्वयंसेवकांच्या श्रमाचा एक इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तहनामे आणि पाठ कराव्या लागणाऱ्या सनावळ्या उभ्या राहतात. परंतु वापरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो आणि तो पुष्कळदा राजांच्या इतिहासापेक्षा अधिक बोधक असतो. आज मी ज्या वस्तूचा इतिहास आपणांपुढे ठेवणार आहे, ती वस्तू हाताला लागत नाही. संगणकावर अर्ज लिहिणे, निकालपत्रक तयार करणे, जमाखर्चाचा तक्ता मांडणे ही कामे ज्याच्या साहाय्याने होतात, असे ते एक सॉफ्टवेअर आहे. त्याचा जन्म जर्मनीत झाला, पालनपोषण एका अमेरिकन कंपनीने केले, आणि त्याला मोठे करण्यात जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी बिनपगारी हातभार लावला. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मग त्या स्वयंसेवकांच्या श्रमाचे काय झाले?

हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. ज्या संस्थेच्या स्मरणिकेत आपण हा लेख वाचत आहात, तशा संस्था कोणा एकाच्या तिजोरीतून उभ्या राहत नाहीत. कोणी जमीन देतो, कोणी वर्गणी देतो, कोणी सुट्टीच्या दिवशी येऊन भिंतीला चुना लावतो. दिलेल्या वस्तूची मालकी पुढे कोणाकडे राहणार, हा विचार आपल्या वाडवडिलांनी फार बारकाईने केला होता. सॉफ्टवेअरच्या जगाला तो विचार बऱ्याच उशिरा सुचला.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना जेकार्डचा माग सांगावा लागणार नाही. नक्षीदार कापड विणताना मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवतात आणि त्या भोकांप्रमाणे नक्षी उमटत जाते. कापड बाजारात मिळते, ते कोणीही विकत घ्यावे, नेसावे, फाटले तर ठिगळ लावावे. परंतु नक्षीतले एक पान बदलायचे तर कापड हाती असून उपयोग नाही, त्या पुठ्ठ्यांची माळ हवी. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. आपण संगणकात घालतो ते विणून झालेले कापड. ते ज्यावरून विणले गेले, त्या प्रोग्रामरने लिहिलेल्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या कापड विकतात आणि माळ कुलुपात ठेवतात. माळ हाती नसेल तर दुरुस्ती करता येत नाही, सुधारणा करता येत नाही, आणि ते सॉफ्टवेअर आपल्या भाषेत नीट आणणेही कठीण होऊन बसते.

सन १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत हीच अडचण आली. तेथे झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला होता. त्यात कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या वेळी तेथील रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने सोर्स कोडमध्ये फेरफार करून अशी सोय केली होती, की कागद अडकताच वाट पाहत बसलेल्यांना संगणकावर सूचना मिळावी. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र कंपनीने दिलाच नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने 'मी कोणालाही न देण्याचा करार केला आहे' असे सांगून त्यांना परत पाठवले. गोष्ट एका अडकलेल्या कागदाची. पण तिने या माणसाला असे काही डिवचले, की २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या नावाने एक संपूर्ण मुक्त संगणक प्रणाली उभारण्याची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली.

स्टॉलमन यांचे खरे कर्तृत्व माझ्या मते त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामपेक्षाही त्यांनी घडवलेल्या परवान्यात आहे. १९८९ साली त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स' म्हणजेच जीपीएल प्रसिद्ध केले. त्याचा मथितार्थ असा : हे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, त्याचा सोर्स कोड पाहावा, बदलावा, वाटावा, विकावासुद्धा. मात्र बदल करून जो ते पुढे देईल, त्याने आपल्या बदलांसह सोर्स कोड याच अटींवर पुढच्याला दिला पाहिजे. म्हणजे एकदा सर्वांसाठी खुली झालेली वस्तू पुढच्या कोणाला आपल्या कुलुपात घालता येऊ नये.

वक्फची कल्पना ज्यांच्या घरात परिचित आहे, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. वाकिफ जमीन वक्फ करतो, त्या क्षणी ती त्याच्या मालकीतून सुटते. मुतवल्ली येतात आणि जातात; त्यांनी सांभाळायचे असते, विकायचे नसते. ही तुलना शेवटपर्यंत ताणता येणार नाही, कारण सॉफ्टवेअरवर लेखकाचा स्वामित्वहक्क कायद्याने कायम राहतो आणि परवाना त्या हक्काच्या बळावरच उभा असतो. परंतु दान देणाऱ्याची अट दानाबरोबर पुढे चालत राहावी, ही दोहोंतील समान गोष्ट आहे. ती ध्यानात ठेवावी. आपल्या पुढील कथेचा सगळा गुंता तेथेच आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आणले. जगभरचे प्रोग्रामर त्यात भर घालू लागले. हे पाहून व्यापारी कंपन्यांच्या मनातही हिशेब सुरू झाला : इतकी हुशार माणसे फुकट काम करीत असतील, तर आपणही आपले दार उघडावे की! जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याचे जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग रूढ करण्यात आला. व्यापाऱ्यांच्या कानाला 'फ्री' हा शब्द खटकत होता, हे त्यामागचे एक कारण. तेव्हापासून स्वयंसेवक आणि कंपनी ही जोडी एकत्र नांदू लागली. कधी गुण्यागोविंदाने, कधी धुसफुसत.

आता आपल्या मूळ कथेकडे वळू.

पश्चिम जर्मनीतील ल्यूनेबर्ग या गावी १९८५ साली मार्को ब्योरीस या अवघ्या सोळा वर्षांच्या मुलाने 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी काढली. (विद्यार्थी मित्रांनो, वयाकडे लक्ष द्या.) लेखनासाठी स्टाररायटर हे तिचे पहिले सॉफ्टवेअर. पुढे त्यात हिशेबाचा तक्ता, चित्रे इत्यादी घटक मिळवून 'स्टारऑफिस' हा संच तयार झाला. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने स्टार डिव्हिजन विकत घेतली. सनमधील एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले, की आपल्या बेचाळीस हजार कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनीच विकत घेणे स्वस्त पडले. यात विनोदाचा भाग किती, हिशेबाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीला शह देणे हा सनचा हेतू मात्र लपून राहिलेला नव्हता.

त्या हेतूनेच सनने १३ ऑक्टोबर २००० रोजी या संचाचा सोर्स कोड जगासमोर ठेवला. प्रकल्पाचे नाव 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग'. शेवटी हे 'डॉट ऑर्ग' शेपूट कशाला, तर 'ओपनऑफिस' हे नाव दुसऱ्या कोणाच्या नावे आधीच नोंदलेले होते. १ मे २००२ रोजी पहिली आवृत्ती पूर्ण झाली. ती कोणालाही विनामूल्य मिळे. त्याच सोर्स कोडवर थोडी भर घालून सन आपले 'स्टारऑफिस' मात्र त्या वर्षापासून पैसे घेऊन विकू लागली.

यात काही वावगे होते असे मला वाटत नाही. कंपनीचे पगारी प्रोग्रामर हॅम्बुर्गमध्ये बसून कामाचा फार मोठा भाग करीत होते, त्यांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. खोच दुसरीकडे होती. ओपनऑफिसचा सोर्स कोड जगाला ज्या परवान्याखाली मिळत होता, तो जीपीएलचेच एक सौम्य रूप असलेला एलजीपीएल. परंतु ज्याला आपण लिहिलेला भाग मूळ प्रकल्पात घालायचा असेल, त्याला एका वेगळ्या कागदावर सही करावी लागे. त्या करारान्वये आपल्या लिखाणाच्या स्वामित्वहक्कात तो सनला भागीदार करून घेई. लेखकाचा स्वतःचा हक्क जात नसे, हे खरे. पण सनला मात्र तो मजकूर वाटेल त्या परवान्याखाली, वाटेल त्याला देण्याची मुभा मिळे. ही मुभा सर्वांच्या सर्व लिखाणावर असलेला पक्ष एकच, तो म्हणजे कंपनी. शिवाय प्रकल्पाचे नाव कंपनीचे, आणि ज्या सर्व्हरवर सगळे काम चाले तेही कंपनीचे.

तरीही माणसे आली, आणि मनापासून आली. त्यांनी काय केले याचे एकच उदाहरण जरा विस्ताराने सांगतो.

सनने सोर्स कोड खुला केला, तेव्हा त्यातले काही भाग वगळावे लागले, कारण ते इतर कंपन्यांकडून घेतलेले होते. शुद्धलेखन तपासणारा भाग त्यांपैकीच एक. म्हणजे नव्या ओपनऑफिसला शुद्धलेखनच येत नव्हते! तेव्हा केविन हेंड्रिक्स या गृहस्थांनी 'मायस्पेल' नावाचा नवा तपासनीस लिहून दिला. त्याची रचना अशी, की भाषेचे शब्द एका यादीत आणि प्रत्यय लागण्याचे नियम दुसऱ्या यादीत. त्यामुळे संगणकाचे विशेष ज्ञान नसलेला, परंतु आपल्या भाषेचे व्याकरण जाणणारा मनुष्यही त्या याद्या तयार करू शके. इंग्रजीला एवढे पुरे होते. पण हंगेरियन भाषा आपल्या मराठीसारखीच प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी, शिवाय शब्द जोडून लांबलचक समास करणारी. तिचे एवढ्यावर भागेना. म्हणून लास्लो नेमेथ या हंगेरियन प्रोग्रामरने मायस्पेलचा पाया घेऊन 'हन्स्पेल' रचले. 'घरासमोरच्यांनासुद्धा' यासारखा शब्द मूळ 'घर' या शब्दापर्यंत सोलत नेण्याचा प्रश्न ज्या भाषांना पडतो, त्या सर्वांना हे वरदान ठरले. ओपनऑफिसने ते स्वीकारले. पुढे फायरफॉक्स, क्रोम आणि अॅपलच्या संगणकांनीही तेच घेतले. आज मराठीत टंकताना चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते, तेव्हा तिच्यामागे पुष्कळदा एका हंगेरियन माणसाची मातृभाषेवरील माया असते.

भाषांतरकारही असेच आले. मोठ्या कंपनीला ज्या भाषेत बाजार दिसतो, त्या भाषेत ती आपण होऊन सॉफ्टवेअर आणते. जिच्यात बाजार दिसत नाही ती वाट पाहत राहते. ओपनऑफिस पुष्कळ भाषांत गेले, त्याचे मोठे श्रेय स्वयंसेवकांना आहे. याच सुमारास दस्तऐवज साठवण्याची ओडीएफ ही खुली पद्धत ठरवण्यात आली. मे २००५ मध्ये ती ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केली आणि २००६ साली तिला आय.एस.ओ.चा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आपण आज लिहिलेले पत्र वीस वर्षांनी दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावे, कोणा कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून राहू नये, एवढाच तिचा उद्देश. दफ्तरखान्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या 'एवढाच' शब्दाचे वजन कळेल.

परंतु धुसफूस वाढत होती. बाहेरच्या प्रोग्रामरांनी पाठवलेल्या सुधारणा लवकर स्वीकारल्या जात नसत. २००७ साली असे झाले, की एका प्रोग्रामरने हिशेबाच्या तक्त्यासाठी 'सॉल्व्हर' नावाचे उपयुक्त साधन फावल्या वेळात, काही वर्षे खपून तयार केले. स्वामित्वहक्काच्या करारावरून घोडे अडले. शेवटी सनने तेच साधन आपल्या माणसांकडून नव्याने लिहून घेतले आणि त्याचे मूळ काम प्रकल्पाबाहेर राहिले. नॉव्हेल या कंपनीने अशा न स्वीकारलेल्या सुधारणा एकत्र करून आपली वेगळी आवृत्ती चालवली होती. त्याच कंपनीतील मायकेल मीक्स यांनी २००८ साली प्रकल्पात कोण किती काम करतो याची मोजदाद प्रसिद्ध केली आणि बाहेरचे हात वाढण्याऐवजी कमी होत आहेत, हे आकड्यांनिशी दाखवले. नॉव्हेल हीसुद्धा व्यापारी कंपनीच; तिचे हितसंबंध गुंतलेले होते, हे नमूद केले पाहिजे. पण म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत.

तोवर सनचीच आर्थिक स्थिती ढासळली. एप्रिल २००९ मध्ये ओरॅकल या कंपनीने सन विकत घेण्याचे जाहीर केले आणि २७ जानेवारी २०१० रोजी व्यवहार पुरा झाला. किंमत सुमारे ७.४ अब्ज डॉलर. त्या सौद्यात यंत्रे होती, जावा होती, मायएसक्यूएल हा डेटाबेस होता, आणि एका कोपऱ्यात ओपनऑफिसही होते. स्वयंसेवकांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही कायद्याने नव्हते.

मायएसक्यूएलचे जनक मायकेल विडेनियस हे धोका ओळखून आधीच, २००९ मध्ये, बाजूला झाले होते. त्यांनी त्याच सोर्स कोडवरून 'मारियाडीबी' हा फाटा काढला. थोरल्या मुलीच्या 'मी' या नावावरून पहिला डेटाबेस, धाकट्या मारियाच्या नावावरून दुसरा! असो. ओपनऑफिसचे लोक मात्र थांबून पाहत होते. ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलने ओपनसोलारिस या सनच्या दुसऱ्या खुल्या प्रकल्पाचे काम बंद केले आणि त्याच्या स्वयंसेवकांच्या नियामक मंडळाने कंटाळून स्वतःचेच विसर्जन केले. ओरॅकलने नियम मोडला असे नव्हे; घर तिचे होते. परंतु ज्यांना दिसायचे त्यांना पुढचे दिसले.

२८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिसमधील अनेक प्रमुख स्वयंसेवकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था स्थापन करीत असल्याचे जाहीर केले. त्यांत जर्मन होते, फ्रेंच होते, इटालियन होते. त्यांनी ओरॅकललाही या संस्थेत सामील होण्याचे निमंत्रण दिले आणि ओपनऑफिस हे नाव संस्थेला द्यावे अशी विनंती केली. तोवर काम चालवण्यासाठी त्यांनी तात्पुरते नाव घेतले, 'लिब्रेऑफिस'. 'लिब्रे' म्हणजे फ्रेंच व स्पॅनिश भाषेत मुक्त.

ओरॅकलने नाव दिले नाही. उलट ऑक्टोबरमध्ये ओपनऑफिसच्या समाजमंडळाच्या बैठकीत, जे सभासद नव्या संस्थेत गेले आहेत त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याने त्यांनी पद सोडावे, असे सुचवण्यात आले. त्या महिन्याच्या अखेरीस जर्मन भाषक गटातील तेहतीस कार्यकर्त्यांनी जाहीर पत्र लिहून प्रकल्पाचा निरोप घेतला. तात्पुरते नाव मग कायमचे झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून हिशेब करू. बाहेर पडणाऱ्यांनी बरोबर काय नेले आणि मागे काय सोडले? दहा वर्षांत लिहिलेला सारा सोर्स कोड ते घेऊन जाऊ शकले, कारण एलजीपीएलने तो हक्क प्रत्येकाला दिलेला होता. मूळ जर्मन कंपनीत पगारी माणसांनी लिहिलेला भागदेखील ते नेऊ शकले. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, कोणाची परवानगी लागली नाही. कंपनी कितीही मोठी असली तरी दिलेला परवाना तिला मागे घेता येत नव्हता. मागे राहिले ते नाव, ते संकेतस्थळ, दहा वर्षांची ओळख, आणि स्वामित्वहक्काचे ते सही केलेले कागद.

नव्या संस्थेने दोन गोष्टी लगोलग केल्या. एक, स्वामित्वहक्काचा करार काढून टाकला; ज्याने लिहिले त्याचा हक्क त्याच्याकडे, त्याने फक्त खुल्या परवान्याखाली द्यावे. दोन, संस्था जर्मन कायद्यानुसार नोंदवण्यासाठी पन्नास हजार युरोंच्या मूळ निधीचे आवाहन केले. फेब्रुवारी २०११ मध्ये ही रक्कम जगभरच्या देणगीदारांकडून आठ दिवसांत जमली. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिनमध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. तिच्या घटनेत कोणा एका कंपनीला वर्चस्व मिळू नये म्हणून मर्यादा घातलेल्या आहेत. लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती त्यापूर्वीच, २५ जानेवारी २०११ रोजी बाहेर पडली होती. उबुंटू या लोकप्रिय प्रणालीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओपनऑफिस काढून तिच्या जागी लिब्रेऑफिस बसवले.

मग सुरू झाली साफसफाई, आणि हा भाग मला विशेष आवडतो. स्टार डिव्हिजनच्या जर्मन प्रोग्रामरांनी सोर्स कोडमध्ये जागोजाग जर्मन भाषेत टिपा लिहून ठेवल्या होत्या. ब्राझीलच्या किंवा जपानच्या नवख्या माणसाने त्या कशा वाचाव्यात? तेव्हा प्रोग्रामिंग फारसे न येणाऱ्या पण जर्मन जाणणाऱ्या स्वयंसेवकांना हाक देण्यात आली, आणि हजारो टिपा एकेक करून इंग्रजीत आणण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. याच्या जोडीला, कोणीच वापरत नसलेला मजकूर शोधून काढून टाकणे, ही दुसरी झाडलोट. नवशिक्यांसाठी अशा सोप्या कामांची यादीच करून ठेवली होती. शाळेत पहिल्या दिवशी मुलाला फळा पुसायला सांगतात, तसे. पुष्कळ चांगले प्रोग्रामर त्या यादीतून पुढे आले.

तिकडे ओरॅकलने एप्रिल २०११ मध्ये ओपनऑफिसची विक्रीची आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले, आणि १ जून २०११ रोजी सोर्स कोड व नाव अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या स्वाधीन केले. डॉक्युमेंट फाउंडेशनला दिले नाही. त्या सह्या केलेल्या कागदांचा उपयोग आता झाला. अपाचीचा परवाना निराळा आहे. त्याखालील सोर्स कोड घेऊन कोणीही बंदिस्त सॉफ्टवेअर बनवून विकू शकतो. आयबीएम कंपनीला असा परवाना सोयीचा होता, कारण ओपनऑफिसवर आधारलेले तिचे स्वतःचे बंदिस्त सॉफ्टवेअर होते. एलजीपीएलच्या भरवशावर ज्यांनी आपले लिखाण दिले होते, त्यांचे ते लिखाण आता दुसऱ्या अटींवर वाटले जाऊ लागले, आणि त्यासाठी त्यांना विचारण्याची गरज उरली नव्हती. कायद्याने हे बिनचूक होते. सही त्यांचीच होती.

मात्र याच परवान्याने एक गंमत केली. अपाचीचा सोर्स कोड लिब्रेऑफिसला घेता येतो. लिब्रेऑफिसचा अपाचीला तिच्या अटींमुळे घेता येत नाही. पाणी एकाच दिशेने वाहू लागले. तिकडे झालेली प्रत्येक चांगली सुधारणा इकडे येऊ शके, इकडची तिकडे जात नसे. काही वर्षांतच दोहोंतील अंतर उघड दिसू लागले.

स्वयंसेवक जिंकले आणि कंपनी हरली, असा याचा अर्थ कोणी काढील तर तो अपुरा ठरेल. लिब्रेऑफिसच्या सोर्स कोडमधील अवघड कामाचा मोठा भाग आजही कोलाबोरासारख्या कंपन्यांचे पगारी लोक करतात. भाषांतर, चाचणी, पुस्तिका, प्रश्नांना उत्तरे देणे यांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. कंपन्यांची तक्रार अशी, की मोठमोठी कार्यालये फुकटची आवृत्ती वापरतात आणि कामाचा मोबदला कोणी देत नाही. त्यावर उपाय म्हणून २०२० साली ७.० या आवृत्तीच्या चाचणी प्रतीवर 'पर्सनल एडिशन' असे लेबल लावून पाहिले. शाळा आणि छोट्या संस्था हे वाचून बिचकतील, आपल्याला हे वापरण्यास मनाई आहे असे समजतील, अशी ओरड कार्यकर्त्यांनी केली. लेबल काढावे लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याऐवजी 'कम्युनिटी' हा शब्द आला. भांडण जुनेच होते. फरक एवढाच, की ते आता अशा घरात झाले, जे कोणा एका पक्षाला विकता येत नव्हते.

आपल्या देशाचा आणि भाषेचा संबंध थोडक्यात सांगतो. ज्या सी-डॅक संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे, तिने ओपनऑफिस भारतीय भाषांत आणण्याचे काम केले, आणि २००५ साली भारत सरकारने प्रथम तमिळ व नंतर हिंदी सॉफ्टवेअरच्या तबकड्या विनामूल्य वाटल्या, त्यांत तेही होते. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे 'लोहित' फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने घडवलेले; रेड हॅट या अमेरिकन कंपनीने ते खुल्या परवान्याखाली सर्वांना दिले. (लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या लाल टोपीशी नाव जुळवण्याची ही रसिकता दाद देण्याजोगी आहे.) केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला जातो. लिब्रेऑफिस मराठीतही उपलब्ध आहे, उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू-अरबी लिपी त्यात लिहिता येते, आणि पालकांना त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही, किंवा चोरून केलेली प्रत वापरावी लागत नाही. आपल्याकडे कित्येक संगणक केंद्रांत काय वापरले जाते, हे मी येथे लिहीत नाही. सर्वांना ठाऊक आहे.

मोठ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण महाविद्यालयात गेल्यावर अशा प्रकल्पांत काम करतील. काही करीतही असतील. त्यांनी आपले लिखाण पाठवण्यापूर्वी सोबतचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि नाव कोणाच्या मालकीचे आहे तेही पाहावे.

कारण नावाची गोष्ट अजून संपलेली नाही. अपाचीच्या ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली. त्यानंतर त्या शाखेत फक्त किरकोळ दुरुस्त्या झाल्या. काम करणारे इतके थोडे उरले, की २०१६ साली खुद्द त्यांच्यातच प्रकल्प गुंडाळण्याची चर्चा झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, ओपनऑफिसला वीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचीला जाहीर पत्र लिहिले. ज्यांना ताजे, सुधारलेले सॉफ्टवेअर हवे आहे त्यांना लिब्रेऑफिसची माहिती तरी द्यावी, एवढीच त्यात विनंती होती. ती मानली गेली नाही. आजही एखादा मनुष्य कोठे तरी जुने नाव ऐकतो, 'ओपनऑफिस' म्हणून शोधतो, अपाचीच्या पानावर पोचतो आणि २०१४ च्या शाखेतील प्रत उतरवून घेतो. ज्यांनी ते नाव मोठे केले, त्यांतले बहुतेक त्या पानावर आता नाहीत.